मदत हवी आहे: क्लेफ्टवाल्या मुलाचं हाडांचं वय मागे, ग्राफ्ट पुढे ढकलायचं का?

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, आज विचारल्याशिवाय राहवेना. मुलगा साडेदहाचा, जन्मतः डावीकडे ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले (क्लेफ्ट). ओठाचं ऑपरेशन चौथ्या महिन्यात, टाळूचं सव्वा वर्षाचा असताना. आता दातांच्या ओपीडीला भांडुपहून दादरपर्यंत लोकल, पुढे बस, मग केसपेपरची लाईन, शाळा बुडते ती वेगळीच. गेल्या आठवड्यात मनगटाचा एक्सरे काढला तर म्हणे हाडांचं वय (म्हणजे हाडं किती वर्षांच्या मुलाएवढी तयार झालीत ते) ९ च्या आसपास. म्हणजे काय विचारलं तर "मागे आहे जरा, बघू", तेवढ्यात पुढचा पेशंट आत. सासूबाई म्हणतात तान्हा असताना दूध ओढता यायचं नाही म्हणून असं (रात्र रात्र जागून चमच्याने पाजलंय हो मी).

हिरडीत कमरेचं हाड भरायचं ऑपरेशन (ग्राफ्ट) सुळा यायच्या आधी करणार होते, आता थांबायचं का? वरचा जबडा आत राहिलाय, तो पुढे ओढायला चेहऱ्यावर बाहेरून मास्क लावणार होते त्याचं काय?

प्रतिसाद १: नाचणी सत्त्व चालू करा.

प्रतिसाद २: ताई, नाचणीने वय पुढे जात नाही :) माझी लेक यातून गेलीये, आता १९ ची. आम्हाला सांगितलेलं की ग्राफ्टची वेळ मनगटावरून नाही, सुळ्याच्या मुळावरून ठरते, मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालं की करतात, ते ओपीजीत (सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे) दिसतं. मनगट बघतात ते वाढीचा जोर कधी येणार त्यासाठी, तिच्या वेळी तर बाजूने काढलेल्या एक्सरेत मानेचे मणके बघूनच सांगायचे. मास्कचा उपयोग तो जोर यायच्या आधीच, तेव्हा हाडं मागे म्हणजे तुमच्याकडे उलट थोडा वेळ जास्त. जबड्याचं मोठं ऑपरेशन लागलंच तर वाढ थांबल्यावर.

फक्त उंची लिहून ठेवा. वर्षाला ४ सेंमीसुद्धा वाढत नसेल तर मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, क्लेफ्टच्या मुलांत ग्रोथ हार्मोन कमी असणं इतरांपेक्षा जास्त आढळतं.

धागाकर्ती: ओपीजी आहे की फाईलमध्ये, दिवाळीतला! पण आठ महिने झाले, जुना चालेल का परत काढावा लागेल? उंचीचं उद्या शाळेत बाईंना विचारते, प्रगतीपुस्तकात लिहितात वाटतं.