शब्दचर्चा : गल्ली, पुरा, नगर, तांडा... नकाशातल्या ‘स्ट्रीट’ रकान्यात काय लिहायचं?

छत्रपती संभाजीनगरहून, प्रश्न :

ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातल्या इमारतींचे पत्ते भरायला घेतले आहेत. हा नकाशा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. तो स्वयंसेवक भरतात आणि कोणालाही दुरुस्त करता येतो. पत्त्यासाठी त्यात हाउसनंबर, स्ट्रीट, प्लेस, सबर्ब, सिटी, पोस्टकोड असे वेगवेगळे रकाने असतात. घोडं अडतं ते ‘स्ट्रीट’पाशी. बेगमपुऱ्यातल्या घराला स्ट्रीट कोणती? सिडको एन-६ मधल्या घराला? कोणी ‘पदमपुरा’ हेच स्ट्रीट म्हणून भरतं, कोणी ‘दत्त मंदिराजवळ’ लिहितं, कोणी रकाना रिकामा सोडून देतं.

मला शब्दांची नीट फोड हवी आहे. रोड, मार्ग, गल्ली, बोळ, पुरा, पेठ, मोहल्ला, नगर, कॉलनी, वस्ती, तांडा यांतले वाट सांगणारे शब्द कोणते आणि जागा सांगणारे कोणते?

लातूरहून :

ताई, वाट आणि जागा ही जी विभागणी तुम्ही केलीत, तीच खरी किल्ली आहे. नकाशाच्या नियमात ती आधीपासून आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. ‘स्ट्रीट’मध्ये जे नाव लिहाल, त्याच नावाचा रस्ता जवळपास नकाशावर काढलेला असला पाहिजे. घराचा पत्ता रस्त्याच्या नावाने नसून वस्तीच्या नावाने सांगितला जात असेल, तर ते नाव ‘प्लेस’मध्ये जातं. म्हणजे ‘पदमपुरा’ स्ट्रीटमध्ये भरणं चूक, प्लेसमध्ये भरणं बरोबर. या नकाशात पत्ता शोधून देणाऱ्या नॉमिनॅटिम या शोधयंत्राला त्या नावाचा रस्ता सापडला नाही तर ते घर जवळच्या भलत्याच रस्त्याला बांधून टाकतं, आणि शोधणारा तिकडं भटकतो.

पत्त्याची ही पद्धत जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहराच्या नावानं ओळखली जाते. तिकडं रस्त्याला नाव, रस्त्यावर ओळीनं क्रमांक, झाला पत्ता. म्हणून स्ट्रीटचा रकाना ठळक दिसतो आणि आपल्याला वाटतं की तो भरलाच पाहिजे. जपानात बहुतेक पत्ते रस्त्यावर नसतातच, भाग आणि ठोकळ्यावर असतात, आणि त्यांच्यासाठी याच नकाशात वेगळे रकाने वापरतात. तेव्हा आपल्या गावात रस्त्यांना नावं नाहीत म्हणून आपला पत्ता अपुरा, असं मुळीच नाही. मराठवाड्यातला पत्ता वस्तीवर उभा आहे आणि तो तसाच नोंदवायचा.

आता शब्द. मी एक साधी कसोटी लावतो. त्या शब्दापुढं ‘कुठं निघतो’ किंवा ‘कुठं निघते’ असं म्हणून बघा. हा रोड कुठं निघतो? हा बोळ कुठं निघतो? चालतं. पेठ कुठं निघते? नगर कुठं निघतं? कोणीच असं बोलत नाही. रोड, रस्ता, मार्ग, बोळ या वाटा. पुरा, पेठ, मोहल्ला, नगर, कॉलनी, वस्ती, वाडी, तांडा या जागा.

फक्त ‘गल्ली’ दोन्हीकडं उतरते, आणि खरी गुंतागुंत तिथंच आहे. “ही गल्ली कुठं निघते?” असंही विचारतेत आणि “तुम्ही कोणत्या गल्लीतले?” असंही. दुसऱ्या प्रश्नात गल्ली म्हणजे वाट नसते, चार-पाच बोळांचा मिळून झालेला अख्खा भाग असतो. जुन्या गावांतल्या मारवाडी गल्ली, कुंभार गल्ली बहुतेक अशाच. याउलट संभाजीनगरात पुंडलिकनगरला ‘गल्ली नं. ५’ म्हणतात ती सरळ वाट आहे. तिथं रस्त्यालाच ‘गल्ली नंबर ५’ नाव द्या, घराला स्ट्रीट तेच द्या आणि पुंडलिकनगर ‘सबर्ब’ किंवा ‘नेबरहूड’मध्ये घाला. एकाच घराला स्ट्रीट आणि प्लेस दोन्ही भरू नका, प्लेस हा स्ट्रीटच्या जागी येणारा रकाना आहे.

आमच्या गंजगोलाईचं, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेचं, वेगळंच आहे. गोलाईतून सोळा रस्ते फुटतात. गोलाईभोवती फिरणारी वाट ही एक गोष्ट आणि ‘गोलाईत दुकान आहे’ म्हणताना डोळ्यांपुढं येतो तो परिसर ही दुसरी. गोल वाटेवरच्या दुकानाला स्ट्रीट गंजगोलाई शोभतं, आत फुटलेल्या रस्त्यावरच्या दुकानाला त्या रस्त्याचं नाव हवं. दुकानाच्या पाटीवर सरसकट ‘गंजगोलाई, लातूर’ लिहिलेलं असतं, म्हणून पाटी वाचून भागत नाही, उभं राहून बघावं लागतं.

परभणीहून :

‘रोड’ वाट आहे हे खरं, पण त्याची हद्द कोण ठरवणार? आमच्याकडे वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड अशीच नावं आहेत. रस्ता जिकडे जातो ते त्याचं नाव. परभणीतला वसमत रोड वसमतमध्ये शिरला की परभणी रोड होतो. बीडला जालना रोड, संभाजीनगरलाही जालना रोड. रस्त्याचं नाव तो कुठे आहे यापेक्षा बोलणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. मला ही नावं फार शहाणी वाटतात, ती न विचारता दिशा सांगतात. पण नकाशात एकच रेघ असते.

लातूरहून :

भाऊ, रेघ तोडायची. शहराच्या वस्तीपर्यंतच्या तुकड्याला ‘वसमत रोड’, पलीकडच्या गावाच्या वस्तीतल्या तुकड्याला ‘परभणी रोड’. मधल्या मोकळ्या रानातल्या तुकड्याला महामार्गाचा क्रमांक पुरतो, तिथं नाव ओढूनताणून घालू नये. आणि रस्त्याला थोर माणसाचं अधिकृत नाव असेल, लोक मात्र ‘स्टेशन रोड’च म्हणत असतील, तर दोन्ही नोंदवा. अधिकृत नावाला, बोलीतल्या नावाला, जुन्या नावाला स्वतंत्र रकाने आहेत. घराच्या पत्त्यातलं स्ट्रीट मात्र त्या रस्त्याच्या मुख्य नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एकीकडं ‘रोड’ आणि दुसरीकडं ‘रस्ता’ लिहिलंत तर यंत्राला ती दोन वेगळी नावं वाटतात.

नांदेडहून, टपाल खात्यातून निवृत्त :

तुम्ही शहरांचंच बोलताय. खेड्याच्या पत्त्यात स्ट्रीट येतच नाही. तिथे चालतात ‘मु.’, ‘पो.’, ‘ता.’, ‘जि.’ ही अक्षरं, आणि त्यातली पहिली दोन हल्ली कोणी समजून लिहीत नाही. मु. म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते गाव. पो. म्हणजे त्याची डाक जिथून वाटली जाते ते पोस्ट. गावातच पोस्ट असेल तर ‘मु. पो.’ एकत्र लिहायचं. नसेल तर ‘मु.’पुढे एक गाव आणि ‘पो.’पुढे दुसरं. पत्ते भरणारे सरसकट ‘मु. पो.’ लिहितात, किंवा पो.चं गाव हेच राहण्याचं गाव धरतात. मग वाडीतलं घर नकाशावर शेजारच्या मोठ्या गावात जाऊन बसतं. प्लेसच्या रकान्यात मुक्कामाचं गाव लिहा. पोस्टासाठी पिनकोड आहे.

पिनकोडही जिल्ह्यावरून अंदाजाने टाकू नका. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला तेव्हा डाक कोणत्या मार्गाने जाते ते बघितलं गेलं, मराठवाड्याची सीमा नाही. नांदेड ४३१६०१, परभणी ४३१४०१, बीड ४३११२२. पण लातूर ४१३५१२ आणि धाराशिव ४१३५०१, म्हणजे सोलापूरच्या मालिकेतले.

अजून एक. कागदपत्रांत ‘रा.’ आणि ‘ह. मु.’ असं लिहितात. राहणार अमुक, हल्ली मुक्काम तमुक. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाची रा. बीड जिल्ह्यातल्या गावाची आणि ह. मु. कारखान्याच्या तळावरची. हा माणसाचा पत्ता झाला. नकाशावरचा पत्ता इमारतीचा असतो, त्यात कोण राहतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणूनच ‘अमक्यांचं घर’ असं कुणाचं नाव टाकू नये. सगळा गाव त्याच नावाने ओळखतो असा जुना वाडा किंवा गढी असेल, तर ते वास्तूचं नाव, तेवढं चालतं.

संभाजीनगरहून :

काका, मु. आणि पो. हा फरक मला कोणी असा सांगितला नव्हता. आमच्या यादीतल्या कितीतरी नोंदी आता पुन्हा तपासते.

क्रमांकांचंही विचारायचं होतं. जुन्या शहरात दारावर ४-१२-६३ असे तीन आकडे दिसतात. नव्या वसाहतीत प्लॉट नंबर, शहराच्या कडेला गट नंबर. हे सगळे हाउसनंबर धरायचे का?

नांदेडहून :

तीन आकड्यांचे क्रमांक निजामी अमलाच्या वळणाचे, हैदराबादेत आजही असेच आहेत. तिकडे त्यांचा अर्थ वॉर्ड, ब्लॉक, घर असा लावतात. ते तीन आकडे आडव्या रेघांसकट जसेच्या तसे हाउसनंबरमध्ये लिहा, शेवटचा आकडा तोडून घेऊ नका. डाकवाल्याला तो पूर्ण लागतो.

प्लॉट नंबर दारावर रंगवलेला असेल आणि लोक तोच सांगत असतील तर चालेल. गट नंबर मात्र जमिनीचा, सातबाऱ्यावरचा. एका गटात पन्नास घरं उभी राहू शकतात, त्याने घर सापडत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतला, मालमत्ता क्रमांक हा घराचा असतो, पण तो दारावर दिसत असेल तरच घ्या. कुणाच्या घरातले कागद बघून किंवा दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून काही उतरवायचं नाही. पायी फिरून जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं.

बीडहून, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका :

तांड्यांबद्दल लिहिते, कारण सर्वांत जास्त गाळली जातात ती हीच नावं. बंजारा तांडा महसुली गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब असू शकतो, पण नकाशात त्याचं नावच नसतं आणि तिथल्या घरांना मूळ गावाचा पत्ता चिकटतो. रुग्णवाहिका मग गावात येऊन विचारत बसते. तांड्याला वाडी-वस्तीसारखं स्वतःचं ठिकाण म्हणून नोंदवा आणि घरांच्या प्लेसमध्ये त्याचं नाव घाला. ‘तांडा’ हा शब्द काढून ‘नगर’ करू नका. तिथले लोक स्वतःच नगर म्हणत असतील तर गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट जातीवरून पडलेल्या वस्त्यांच्या नावांची. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये ही नावं बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. तरी जुन्या कागदांवरून नकाशा भरणारे ती जातिवाचक नावं पुन्हा वर आणतात, आणि ‘लोक अजून तेच म्हणतात’ असं कारण देतात. कोणते लोक म्हणतात, हे विचारलंच पाहिजे. वस्तीत राहणारे काय म्हणतात ते नाव. वेशीबाहेरचे काय म्हणतात ते नाव नव्हे.

परभणीहून :

मॅडम, पूर्ण सहमत. पण जुन्या नावासाठी रकाना आहेच. इतिहास म्हणून तिथे ठेवावं का?

बीडहून :

औरंगाबाद किंवा उस्मानाबाद हे जुनं नाव त्या रकान्यात हवंच, जुनी पाटी आणि जुनं पाकीट घेऊन शोधणाऱ्याला ते लागतं. पण ज्या नावाने माणसाला हिणवलं गेलं, ते शोधाच्या खिडकीत त्याच्या घरासमोर पुन्हा उमटावं असं मला वाटत नाही. तो इतिहास पुस्तकात लिहावा. घराच्या पत्त्यावर त्याचं ओझं नको.

लातूरहून :

मॅडमच्या म्हणण्याला माझा पाठिंबा. याच ओघात किल्लारीचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर इथली कितीतरी गावं जागा बदलून वसली. नाव तेच, ठिकाण दुसरं. जुनी पांढरी आणि नवीन गाव हे दोन वेगळे बिंदू आहेत. ‘पांढरी’ हा शब्द इथं नेमका बसतो. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलेली जमीन. जायकवाडी धरणात जमिनी बुडालेल्या गावांचंही असंच. पत्ते नव्या गावाला जोडा. जुनी पांढरी वस्ती नसलेलं ठिकाण म्हणून नोंदवा, पण तिच्यावर घरांचे पत्ते येऊ देऊ नका.

आणि नावं तोडून लिहू नका. ‘बु.’ आणि ‘खु.’ यांचं बुद्रुक आणि खुर्द असं पूर्ण लिहायचं, ‘नं.’चं नंबर. नकाशात नावाचं संक्षिप्त रूप चालत नाही. फारसीतून आलेले हे शब्द, बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. एका तालुक्यात एकाच नावाची दोन गावं असली की नेमका हाच शब्द त्यांना वेगळं करतो.

संभाजीनगरहून :

‘दत्त मंदिराजवळ’, ‘शाळेच्या मागे’ यांचं काय? आमच्याकडे निम्मे पत्ते असेच आहेत.

लातूरहून :

जवळ, समोर, मागे हे नातं सांगणारे शब्द आहेत, नाव नाहीत. मंदिर नकाशावर त्याच्या जागी, त्याच्या नावानं काढा, शाळाही काढा. मग ‘जवळ’ नकाशाला आपोआप दिसतं. पूर्ण पत्ता एका ओळीत लिहायचा ‘फुल’ (full) नावाचा रकाना आहे, पण त्यातलं शोधयंत्राला नीट उलगडत नाही. अगदी फोड करता येत नसेल तिथंच तो वापरा.

फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे या नकाशात माहिती भरायचं ॲप वापरत असाल तर ते घराचा रस्ता विचारतं, तिथं ‘रस्ता नाही, ठिकाणाचं नाव’ असाही पर्याय मिळतो. तो निवडायला कचरू नका.

संभाजीनगरहून :

मग माझी नोंद अशी. हाउसनंबर तीन आकडी, जसा दारावर आहे तसा. प्लेस बेगमपुरा. स्ट्रीट रिकामं. एन-६ लाही तसंच, घर क्रमांक आणि प्लेस. पुंडलिकनगरला स्ट्रीट गल्ली नंबरसकट. एक शेवटचं विचारते, ‘मोंढा’ कशात बसतो? आमच्या जुन्या मोंढ्यातला धान्याचा घाऊक बाजार जाधववाडीला गेला, नाव मात्र राहिलं. त्याला बाजार म्हणून दाखवायचं का?

परभणीहून :

बाजाराची खूण जिथे आज आडत चालते तिथेच लावा, म्हणजे जाधववाडीला. ‘जुना मोंढा’ हे आता वस्तीचं नाव झालं, ते भागाचं नाव म्हणून नोंदवा आणि तिथल्या दुकानांच्या प्लेसमध्ये घाला. रिक्षावाल्याला जुना मोंढा सांगितला तर तो कोणालाही जाधववाडीला नेत नाही.