बामणोली-वासोटा: मुक्काम कराच

डिसेंबरात आठ जणांनी सातारा जिल्ह्यातल्या बामणोली गावामार्गे वासोटा किल्ला करायचा तुमचा बेत आवडला. या चर्चेत कुणीतरी पुण्याहून पहाटे निघून एका दिवसात उरका म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. आदल्या संध्याकाळी कासमार्गे बामणोलीत पोहोचा आणि तिथेच राहा. म्हणजे सकाळची पहिली लाँच मिळेल. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, त्यातून पायथ्याच्या मेट इंदवलीला जायलाच तास-दीड तास जातो, आणि संध्याकाळी अंधाराआधी परतावंच लागतं. उशीर झाला की वरचा वेळ कापला जातो, मग जवळचं नागेश्वरचं गुहेतलं देवस्थान राहून जातं.

गडावर मुक्कामाला परवानगी नाही. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, गवे आणि अस्वलं खरोखर आहेत. वनखात्याची परवानगी लागते, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. प्लास्टिक शक्यतो नेऊच नका.

राहायला तंबूंपेक्षा गावातलं घर बघा, असं मी आग्रहाने सांगेन. कोयना धरणाच्या पाण्याखाली या खोऱ्यातली किती गावं गेली, जावळीतली किती माणसं पोटासाठी मुंबईला माथाडी कामाला गेली! मागे राहिलेल्यांना चार पैसे मिळाले तर त्यांना तरी गाव सोडावं लागू नये. जेवण आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐनवेळी आठ माणसांच्या भाकऱ्या कुणी थापायच्या? स्पीकर मात्र कृपा करून घरीच ठेवा, पाण्यावरून आवाज फार लांब जातो.

रात्री थंडी चांगलीच असते, स्वेटर-कानटोपी घ्या. पैसे रोख ठेवा, रेंजचा भरवसा नाही.