मदत हवी आहे: पर्ड्यूच्या बँडसारखं ढोल-ताशा पथकाकडून मैदानावर अक्षर कसं उभं करायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या पथकाचा सराव लवकरच नदीपात्रात सुरू होतोय. यंदा नव्या मुलामुलींच्या कमरेला ढोल बांधण्याआधी त्यांना अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडचा इतिहास सांगायचा आणि मग त्यांच्याकडूनच मैदानात 'ग' हे अक्षर उभं करून घ्यायचं, असं मनात आहे. सांगायला भरपूर आहे, पण पावलांचं गणित जमत नाहीये.

इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटचा हा बँड. १८८६ साली विद्यार्थ्यांच्या लष्करी कवायतीला ताल धरायला पाच ढोलवाले उभे राहिले, तिथून सुरुवात. १९०५ मध्ये पॉल स्पॉट्स एमरिक यांनी विद्यार्थी असतानाच बँडची सूत्रं हातात घेतली आणि १९५४ पर्यंत सोडली नाहीत. ते शिकले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग! तोवर बँड म्हणजे सैनिकांसारख्या सरळ रांगा. १९०७ मध्ये शिकागो विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात एमरिक यांच्या वादकांनी रांगा मोडल्या आणि मैदानावर 'पी' हे अक्षर उभं केलं. मैदानावर असं अक्षर काढणारा पहिला बँड म्हणून पर्ड्यूचं नाव घेतात. आज जगभर अशा बँडच्या ज्या मोठमोठ्या आकृत्या आपण बघतो, त्यांचं मूळ मला त्या एका अक्षरात दिसतं.

मुलांना सगळ्यात जास्त आवडेल तो अर्थातच मोठा ढोल. १९२१ मध्ये इंडियानापोलिसच्या लीडी कंपनीकडून तो बनवून घेतला. गाड्यासकट उंची दहा फुटांहून जास्त. दुसऱ्याच वर्षी शिकागोनेही प्रचंड ढोल करवून घेतला. तो पुढे टेक्सास विद्यापीठाकडे गेला, आणि सगळ्यात मोठा ढोल कुणाचा हा वाद अजून चालू आहे. (आपल्याकडच्या पथकांना हे वेगळं समजावायला नको!) शिवाय चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग पर्ड्यूला शिकत असताना याच बँडमध्ये बॅरिटोन हे पितळी फुंकवाद्य वाजवायचे.

आता अडचण. तिकडच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते आणि दोन रेघांमधलं अंतर आठ पावलांत कापायचं, ही तिथल्या बँडची नेहमीची पद्धत. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. आम्ही फक्कीने तशाच रेघा मारू शकतो. पण पोटावर ढोल असला की पायाखालची रेघ दिसतच नाही, आणि टिपरू मारताना दोन्ही बाजूंना हात फिरायला जागा लागते. तर,

१) तिकडे शिकताना कॉलेजच्या बँडमध्ये वाजवलेलं कुणी इथे आहे का? नवख्यांना पाऊल कसं शिकवतात?
२) ढोलवाल्यांमध्ये किती अंतर ठेवावं? ताशे आणि झांजा अक्षराच्या आत घ्याव्यात की बाहेर?
३) 'ग'चा काना वेगळा सुटतो. तो आधी बसवावा की गोलाई?

पथकात शाळकरी मुलंही आहेत, तेव्हा झेपेल असंच सुचवा.

प्रतिसाद

दादा, मी इलिनॉयमध्ये शिकताना बँडच्या ढोलांच्या रांगेत होते. आधी वाद्य बाजूला ठेवा. नुसतं चालणं, तोंडाने मोजत. टाच आधी, मग पंजा, म्हणजे अंग वरखाली होत नाही. खाली बघायचंच नाही; मान समोर आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याच्या खांद्याशी खांदा जुळवायचा. ढोलाखालच्या रेघेचा प्रश्न त्यानेच सुटतो. ताशे बाहेर समोर ठेवा, सगळ्यांना लय एकाच जागेवरून मिळू दे. नाहीतर मागचे ढोल उशिरा पडतात. काना आधी बसवा. सरळ रेघ चुकली की लगेच दिसते, आणि गोलाईला तिचाच आधार मिळतो. अंतराचं मात्र आपल्या ढोलावरच बघावं लागेल, आमचे ढोल पट्ट्याने खांद्यावर असायचे.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. ताशे समोर ठेवायचं पटलं. पहिला आठवडा ढोलाशिवायच घेतो. अंतरासाठी एखाद्या जुन्या पथकप्रमुखाने लिहिलं तर फार मदत होईल. आमचे बरेचसे ढोल दोन फुटी पानाचे आहेत.