पेटंट 'ऑब्व्हियस' (सहज सुचण्यासारखं) म्हणून रिजेक्ट झालंय, अपील करावं का?

लातूरकर_झेरॉक्स: नमस्कार मंडळी. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, लाईट गेली की लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर चालवायचो पण फ्युझर (शाईची पावडर कागदावर पक्की करणारा गरम रोलर) २०० अंशांच्या आसपास तापतो, तेव्हा करंट एवढा खेचतो की इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बसायचा, म्हणून मी आन् भाच्यानं एक सर्किट आणि प्रोग्राम बनवला, तो बॅटरीचं व्होल्टेज बघून प्रिंट अडवून ठेवतो, आठ-दहा पानं जमली की एकदाच फ्युझर तापवून सगळी काढतो, तेवढ्यापुरती स्क्रीन बंद आणि प्रोसेसर स्लो. आता पेटंट ऑफिसातले कंट्रोलर (अर्ज तपासणारे अधिकारी) म्हणायलेत की एका जुन्या पेटंटात कॉम्प्युटरचा स्लीप मोड आहे, दुसऱ्यात प्रिंटची रांग आहे, दोन्ही जोडलं की तुमचंच होतं. मग आजवर कुणी जोडलं का नाही? तीन वर्षं घातलीत हो याच्यात.

वाळूज_इंजिनिअर: दादा, ऑर्डर परत वाचा. दिल्ली हायकोर्टानं २०२२ ला अ‍ॅग्रीबोर्डच्या केसमध्ये सांगितलंय, जुनं काय होतं, तुमचं काय आहे, आणि जाणकार माणूस जुन्यावरून तुमच्यापर्यंत कसा पोचला असता, हे तिन्ही ऑर्डरमध्ये पाहिजे. तिसरं लिहिलंय का?

नांदेडकर_वकील: तिसरं नसलं तरी एवढ्यावर खूश होऊ नका, केस फेरविचाराला परत जाते, पेटंट हातात पडत नाही. सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्यामचा निकाल बघा, भांडी घडवताना लेथवर धरून ठेवायच्या पद्धतीचं पेटंट होतं, गेलं. कोर्टाचं म्हणणं असं की वर्कशॉपमधली नुसती सुधारणा म्हणजे शोध नाही, पण जुने भाग एकमेकांशी असे जुळले की नवीन किंवा सुधारलेला रिझल्ट येतो, तर तो शोध होऊ शकतो. तुमचा मुद्दा इथंच आहे: व्होल्टेज पडलं की प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोघं मिळून वागतात, हे त्या दोन्ही पेटंटात नाही ना? आणि पेटंट कायद्याचं कलम ३(के) पण काढलंय का, 'नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम' म्हणून? असेल तर सर्किट पुढं करा. २०२१ ला आयपीएबी (आधी अशी अपिलं ऐकणारं मंडळ) बंद झालं, अपील थेट हायकोर्टात, कलम ११७ए, ऑर्डरपासून तीन महिने.

लातूरकर_झेरॉक्स: बघितलं सर. तिसऱ्या मुद्द्यावर दोनच ओळी आहेत, 'सहज सुचण्यासारखं' एवढंच. ३(के) नाही काढलेलं. व्होल्टेजचं दोन्ही पेटंटात कुठंच नाही, भाच्यानं रात्री पानन् पान वाचलं. ऑर्डरला पाच आठवडे झालेत, वहीत रोजचं रीडिंग आहे, ते घेऊन सोमवारी वकिलाकडं जायलोय.