चर्चा: केबिन बॅग घेताना सगळ्यात कडक कंपनीचं माप धरावं का?

सह्यवारा (धागाकर्ता):
दिवाळीच्या सुट्ट्यांआधी बॅगांची खरेदी निघते, म्हणून हा विषय काढतोय. माझं मत सरळ आहे. दुकानात बॅगेला लटकवलेल्या 'केबिन साइझ' या चिठ्ठीवर जाऊ नका. आपण ज्या ज्या कंपन्यांच्या विमानांनी जातो त्यांची मापं शेजारी शेजारी लिहा आणि प्रत्येक बाजूचा सगळ्यात लहान आकडा उचला.

इंडिगोचं माप ५५ × ३५ × २५ सेंमी, एअर इंडियाचं ५५ × ४० × २०. दोन्हीकडे बेरीज ११५ च येते, त्यामुळे एकच बॅग दोन्हीकडे चालेल असं वाटतं. काटेकोर मोजलं तर २५ सेंमी जाडीची बॅग एकीकडे बसेल, दुसरीकडे जाडीत अडकेल. ४० रुंदीची उलट अडकेल. दोघांनाही चालणारं माप निघतं ५५ × ३५ × २०. आयाटाने (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०१५ मध्ये जगभर एकच माप असावं म्हणून नेमका हाच आकडा सुचवला होता. अमेरिकेतून विरोध झाला आणि प्रस्ताव बारगळला.

आता वजन. देशात इकॉनॉमीला साधारण ७ किलो मिळतात. कडक कवचाची चार चाकी ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. म्हणजे कपडे, चार्जर, औषधं, फराळाचा डबा हे सगळं चार किलोंत बसवायचं. शिवाय माप चाकं आणि हँडल धरून मोजतात. चार चाकी बॅगेची चाकं बाहेर लटकतात, चार-पाच सेंमी उंची तिथेच जाते. आतून दांड्यांच्या नळ्या जागा अडवतात त्या वेगळ्याच.

म्हणून मी म्हणतो, मऊ कापडाची सॅक घ्या. चाकं हवीतच तर दोनच, आणि तीही अंगात बसवलेली.

मोगरा:
पूर्ण असहमत. सॅक घ्या हे सांगणं धडधाकट माणसाला सोपं आहे. माझी आई बहात्तर वर्षांची, मणक्याचा त्रास. मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलवर सिक्युरिटीपासून शेवटच्या गेटपर्यंत किती चालावं लागतं ते तिथे गेलेल्यांना माहीत आहे. पाच किलो पाठीवर घेऊन ती चालू शकत नाही. चार चाकी बॅग शेजारून ढकलत नेता येते, दोन चाकी मागे ओढावी लागते, खांद्याला हिसका बसतो. दोन सेंमी वाचवायला माणसाची पाठ पणाला लावायची का?

आणि कवच कडक असलं की बॅग फुगत नाही. सॅकच्या पुढच्या कप्प्यात चार्जर, पाऊच, शाल कोंबली की २० ची जाडी २४ होते. मोजपट्टी रिकाम्या सॅकला लावून काय उपयोग?

सह्यवारा:
मोगराताई, फुगण्याचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच माप भरलेल्या बॅगेचं घ्यायचं. बॅग भरा, भिंतीला टेकवून उभी करा, वर एक जाड पुस्तक आडवं धरा आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंत मोजा. तसंच जाडीला. जाडी वाढवणारी जादा चेन असलेली बॅग मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. ती चेन जाताना बंद असते आणि येताना हमखास उघडते.

आईंसाठी चाकं हवीतच, यात वाद नाही. फक्त ५० सेंमीच्या आसपास उंचीची, हलकी बघा. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, म्हणजे बॅगेचा भार त्यांच्यावर येणारच नाही.

घाटमाथा:
मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. देशातल्या बहुतेक तिकिटांत १५ किलोंचं चेक-इन भाड्यातच असतं. पैसे भरलेत ना? मग बॅग काउंटरला द्या आणि मोकळ्या हाताने जा. प्रत्येक जण ट्रॉली घेऊन आत शिरतो, वरचे कप्पे भरतात, पाठीमागे रांग खोळंबते. ज्याला खरंच वर सामान ठेवायचंय त्या म्हाताऱ्या माणसाला जागा मिळत नाही. कोल्हापूर-हैदराबादसारख्या मार्गावर एटीआर हे छोटं, पंख्यांचं विमान आलं तर वरचे कप्पे इतके लहान असतात की ट्रॉली दारातच काढून घेतात. मग केबिन बॅग घेऊन मिळवलं काय?

सह्यवारा:
दोन दिवसांच्या कामासाठी सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास उभं राहणं मला नको असतं. पण जास्त सामान असेल तर तुमचं म्हणणं मान्य. एटीआरचा मुद्दा तर फार महत्त्वाचा. बॅग दारात काढून घेतली तर त्यातली पॉवर बँक आधी बाहेर काढा, ती विमानाच्या पोटात जाऊ द्यायची नसते. लॅपटॉप, औषधं, दागिने, कागदपत्रंही. म्हणून हे सगळं एका छोट्या पिशवीत, बॅगेच्या सगळ्यात वर ठेवावं. गेटवर जमिनीवर बसून बॅग उपसणारी माणसं बघितली की जीव तुटतो.

दर्यावर्दी:
मी आयर्लंडमध्ये राहतो. इथल्या स्वस्त विमान कंपन्यांत चेक-इन भाड्यात नसतं, त्यामुळे घाटमाथांचा उपाय चालत नाही. रायनएअरमध्ये फुकट फक्त सीटखाली मावणारी बॅग. ती ४० × २० × २५ होती, २०२५ मध्ये ४० × ३० × २० केली. म्हणजे २० लिटरची २४ लिटर झाली. ईझीजेट ४५ × ३६ × २० देते, विझ एअर ४० × ३० × २०. गेटवर बॅग माप बघायच्या सांगाड्यात बसली नाही तर तिकिटापेक्षा जास्त दंड लागू शकतो. त्यात रायनएअरने २०२५ मध्येच जाहीर केलं की मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याचा बोनस बॅगेमागे दीड युरोवरून अडीच युरो करणार.

पण माझा विरोध वेगळ्या ठिकाणी आहे. आपण कंपनीच्या मापाची बॅग शोधत राहतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटलंय की हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे, वजन-माप वाजवी असेल तर त्याचे वेगळे पैसे लावू नयेत. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून सुमारे १७.९ कोटी युरो दंड ठोकला, त्यात हातातल्या सामानाचे पैसे घेणं हा मोठा मुद्दा होता. कंपन्या त्याविरुद्ध लढतायत. प्रवाशांनी नवीन बॅग घेण्याऐवजी तक्रार करावी.

मोगरा:
अगदी बरोबर! दर दोन वर्षांनी माप बदलणार आणि आपण दर दोन वर्षांनी बॅग बदलणार, हे चालणार नाही.

सह्यवारा:
तक्रार जरूर करा, मीही सोबत आहे. पण 'वाजवी' म्हणजे किती सेंमी, हे त्या निकालाने सांगितलं नाही, कंपन्या तिथेच पाय रोवून उभ्या आहेत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गेटवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने काय करायचं? दंडाचे ७५ युरो हातात नसतात त्याच्या. लहान माप धरून घेतलेली बॅग नियम बदलले तरी चालत राहते, कारण माप वाढलं तर ती बसतेच. मोठी घेतली की दर वेळी धाकधूक.

उंबरठा:
वाद बाजूला ठेवून एक विचारते. मुलगी पुढच्या महिन्यात डब्लिनला शिकायला जातेय. तिथून मैत्रिणींबरोबर युरोपात फिरेल. दोन्हीला चालेल अशी एकच ट्रॉली घेऊन देऊ का?

दर्यावर्दी:
एकच नको. भारतातून येताना आखाती किंवा युरोपीय कंपनीचं विमान असेल, तिथे ट्रॉली चालेल, पण वजन ७ किलो की ८ ते तिकिटावर बघा. त्या ट्रॉलीत मुलीची कागदपत्रं, लॅपटॉप आणि दोन दिवसांचे कपडे. इकडच्या फिरण्यासाठी ४० × ३० × २० ची, वरून पूर्ण उघडणारी मऊ सॅक वेगळी घ्या आणि ती रिकामी घडी करून चेक-इनमध्ये टाका. इथे येऊन ट्रॉलीसकट फिरायचं ठरवलं तर रायनएअरच्या प्रत्येक फेरीत प्रायॉरिटीचे (आधी चढण्याच्या सोयीचे) पैसे भरावे लागतील, त्यात १० किलोंची ५५ × ४० × २० बॅग मिळते. वर्षातून एकदा ठीक, दर महिन्याला परवडत नाही.

सह्यवारा:
आणि सॅक घेताना मुलीला सोबत न्या, तिचं जॅकेट आत भरून बघा. तिकडच्या थंडीचं जॅकेट एकटंच अर्धी सॅक खातं, ते अंगावर घालूनच चढायला सांगा.