आखातातली कपात : पाइप वेल्डरांनी गावी परतण्याआधी आणि परतल्यावर काय करावं?

शारजाहून

नमस्कार मंडळी,
खेड, दापोली, मंडणगडकडची बरीच मुलं इथल्या फॅब्रिकेशन यार्डांत पाइप वेल्डर आहेत. कामं लांबणीवर पडलीत आणि काहींच्या हातात नोटीस आली आहे. बहुतेकांचा विचार असा, की तडक गावी जायचं, पाऊस काढायचा आणि दिवाळीनंतर पुन्हा प्रयत्न करायचा. यात नुकसान कुठे होतं, हे जाणकारांनी सांगावं.

लोटे-परशुरामहून

दादा, नमस्कार.
मोठं नुकसान कामातल्या खंडाचं. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंग पात्रतेच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे वेल्डर ज्या प्रक्रियेत पास झाला, त्या प्रक्रियेनं सहा महिने काम केलं नाही तर त्याची पात्रता संपते. टिग (आर्गॉन वायूच्या आवरणात, वायर हातानं देत केलेलं वेल्डिंग) आणि आर्क (रॉडनं केलेलं) यांची मुदत वेगवेगळी मोजतात. आगोटीला (पावसाच्या तोंडावर) आलेला माणूस दिवाळीनंतर मुंबईत ट्रेड टेस्टला (भरतीच्या कौशल्य चाचणीला) जातो, तेव्हा ही मुदत बहुधा उलटलेली असते.

म्हणून निघण्याआधी क्यूसीकडून (कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागाकडून) दोन कागद सहीशिक्क्यानिशी घ्यावेत. एक पात्रता प्रमाणपत्राची प्रत. तीत प्रक्रिया, पाइपचा व्यास, जाडी आणि पोझिशन स्पष्ट हवी. दुसरा, शेवटच्या जॉइंटपर्यंतचा कंटिन्युइटी लॉग, म्हणजे कोणत्या प्रक्रियेनं कधी काम केलं याची नोंद. नवी कंपनी स्वतःची टेस्ट घेतेच, पण त्या टेस्टला बोलावणं या कागदांवर येतं. कंपनी सुटल्यावर सही मिळवणं फार अवघड.

गावी सराव करायचा तो ६जीचाच, म्हणजे तिरका पाइप न फिरवता चहूबाजूंनी वेल्ड करण्याचा. २ इंची जाड पाइप ४५ अंशांत पक्का बांधा. त्यावर पास झालात की २५ मिमी बाह्य व्यासापासून वरचे सगळे पाइप त्यात येतात. बेव्हल (पाइपच्या कडेचा उतार) साडेसदतीस अंश, दोन पाइपांतली गॅप साधारण ३ मिमी. रूट (जोडाचा सगळ्यात आतला, पहिला थर) टिगनं २.४ मिमीच्या वायरवर, त्यावर फिलिंग-कॅपिंग (मधले आणि वरचा थर) ७०१८ जातीच्या रॉडनं. जोड एक्स-रे तपासणीत फसतो तो बहुतेक वेळा पाइपच्या तळाशी. तिथे आपण ओव्हरहेड, म्हणजे खालून वर वेल्ड करत असतो, वितळलेला धातू खाली ओघळतो आणि रूट आतून खचतो. वायर गॅपमधून थोडी आत देत राहावी आणि करंट जरा उतरवावा. टॅकची (पाइप जागी धरणाऱ्या छोट्या टाक्याची) दोन्ही टोकं ग्राइंडरनं निमुळती केली नाहीत, तर रूट तिथे धड जुळत नाही.

आपल्याकडचा पावसाळा ७०१८चा वैरी आहे. पडवीत ठेवलेला उघडा पुडा ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरून ब्लो होल आणि तडे देतो. उन्हात वाळवून ती ओल जात नाही. रॉड साधारण ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावे लागतात (पुड्यावर लिहिलेलं असतं ते पाळा) आणि मग १२० अंशांच्या आसपास गरम ठेवून एकेक काढावे. टिग करताना पंखा बंद, वाऱ्याला आडोसा. आर्गॉन मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरे. फार वाढवला तर प्रवाह घुसळतो आणि हवा आत ओढतो.

ज्याला फक्त काळ्या (साध्या कार्बन स्टीलच्या) पाइपचा हात आहे, त्यानं हे महिने स्टेनलेसवर घालवावेत असं माझं ठाम मत आहे. लोटे, महाड, रोहा इथल्या केमिकल कारखान्यांत ते काम आहे. फरक एकच, पण मोठा: रूट मारताना पाइपच्या आतही आर्गॉन भरावा लागतो. नाहीतर आतली बाजू जळून काळी, खरखरीत होते.

शारजाहून

आभारी आहे. काही जणांना ‘नोटीस नको, राजीनामाच द्या’ असं सुचवलं जातंय. द्यावा का?

दुबईहून

मुळीच देऊ नये. यूएईतला बेरोजगारी विमा राजीनाम्यावर मिळत नाही. सलग १२ महिने हप्ते भरलेले हवेत आणि नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत दावा करायला हवा. मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. देश सोडला की हा हक्क जातो, म्हणून तिकीट काढण्याआधी हिशोब करा.

ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी, पुढे ३० दिवसांची. सगळी देणी १४ दिवसांत मिळायला हवीत. कंपनीनं काढलं असेल, तर नोटीसकाळात आठवड्याला एक बिनपगारी सुट्टी नोकरी शोधायला मागता येते.

पुन्हा आखातात येताना एजंटचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. त्यावर मागणारा असेल तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.