मदत हवी आहे: पोलो टीएसआय, २०१७ ची की २०२१ ची?

मंडळी, सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो टीएसआय (टर्बो पेट्रोल) घ्यायची आहे, बजेट सात लाख, रीमॅपचा (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवण्याचा) खर्च वेगळा. दोन गाड्यांवर अडकलोय. एक २०१७ ची जीटी, १.२ लिटर चार सिलेंडर, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). दुसरी २०२१ ची बीएस६, जीटी नसलेली, १.० लिटर तीन सिलेंडर, ११० पीएस, सहा गिअर मॅन्युअल. टॉर्क दोन्हींचा १७५ एनएम.

रोजचं जाणं-येणं कोल्हापुरात, गोकुळ शिरगाव एमआयडीसी, रविवारी गगनबावडा घाट. फक्त स्टेज १ (पार्ट न बदलता नुसता रीमॅप) करायचं आहे. सायलेन्सरला हात लावणार नाही, पोलीस आणि शेजारी दोघंही नकोत.

दोन्हींची सर्व्हिस हिस्टरी बघितली, स्कॅनर लावला, एरर कोड नाही. पण जुनी गाडी दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात हलका झटका देते. मालक म्हणतो, "डीएसजी असाच असतो." असेलही, पण डीएसजीचा ड्राय क्लच आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) यांचा खर्च ऐकून पोटात गोळा येतो. १.० चा आवाज मात्र अगदीच कोरडा वाटला.

ऑटोमॅटिकच हवी असा हट्ट नाही. डिझेल सुचवू नका.

रीमॅप केलेली १.० मॅन्युअल कुणी घाटात चालवली आहे का, स्टॉक क्लच टिकतो का? आणि २०१७ चा क्लच किती झिजलाय हे घेण्याआधी स्कॅनरवर नेमकं कुठं बघायचं?